हळदीचा ठिपका

टेकडीवरचे कायदे प्राणी स्वतःच करत, त्या काळातली ही गोष्ट. उतारावरून घसरून कुणी दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देता यावं, म्हणून तिथून ये-जा करणाऱ्याने वर्षाला ओंजळभर शेंगा सामाईक कोठारात भरायच्या, असा नियम निघाला. शेंगा भरल्या की खार कपाळावर हळदीचा ठिपका लावायची. ठिपका नसलेल्याला माकड वाटेत अडवायचं.

कासवाला हे मुळीच पटलं नाही. "माझं घर दगडासारखं घट्ट. मला काय होणार?"

"तुम्हाला काही होणार नाही हो, दादा," खार म्हणाली. "शेंगा आणल्यात ना?"

कासवाने आणल्या होत्या, पण निवडून किडक्या. नियम शेंगा भरण्याचा होता, फोडून बघण्याचा नव्हता. ठिपका मिळाला.

पावसाळा चार दिवसांवर आला असताना कासवाचा पाय घसरला. ते गडगडत जाऊन वारुळावर आदळलं. त्याच्या पाठीवर ओरखडाही उठला नाही, पण मुंग्यांचं साठवलेलं धान्य ओढ्यात वाहून गेलं.

"आता चार महिने खायचं काय?" म्हातारी मुंगी म्हणाली.

कासव शरमलं. मग ठिपका आठवून त्याला धीर आला. "काळजी करू नका, आजी. कोठार आहे ना."

खारीने कोठारातल्या शेंगा आणून ओतल्या. म्हातारीने एक फोडली, दुसरी फोडली, ढिगाच्या तळातली तिसरीही फोडली.

"सगळ्यांत भुसाच आहे, बाळा."

कासवाने भोवती पाहिलं. जमलेल्या प्रत्येकाच्या कपाळावर पिवळाधमक ठिपका होता आणि प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता. कासवाची निदान सोय होती. त्याने मान आत ओढून घेतली.