वशिंडाचा सिंह

गलबतं अजून वाऱ्याच्या मर्जीनं चालत होती, त्या काळातली ही गोष्ट. अष्टागरात, खाडीच्या काठाला, चिंचखार नावाचं गाव होतं. तिथं शनिवार तेल्यांची काही घरं होती. आठवडाभर घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाण्याला हात लावायचे नाहीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचे पूर्वज फुटलेल्या जहाजातून किनाऱ्याला लागले होते, असं म्हणतात. पोथ्या समुद्रात गेल्या, बोली विसरली गेली. एक प्रार्थना आणि शनिवार एवढंच उरलं, ते मात्र त्यांनी जिवापाड जपलं.

त्यातल्या एका घरात रिबकाबाई होती. नवरा दर्यावर गेला तो परत आलाच नाही. मागे राहिला म्हातारा सासरा आबाजी, एक घाणा आणि पोवळ्या नावाचा तांबडा बैल. रिबकाबाई बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. तिच्या सुईला मात्र भारी गोडवा होता. तिनं कापडावर फूल काढलं की मधमाशी येऊन बसे, असं म्हणतात. आम्ही काही मधमाशी पाहिलेली नाही, पण फुलं पाहिलीत.

एकदा कोचीहून एक हज्जान आला, म्हणजे प्रार्थना म्हणवून घेणारा गुरू. विसरलेलं सारं तो घरोघर फिरून शिकवू लागला. जाताना त्यानं आबाजींना एक सिसित दिली. सिसित म्हणजे प्रार्थनेच्या वेळी खांद्यावर घ्यायची पांढरी चादर, चारी टोकांना गाठी मारलेले गोंडे असलेली. रिबकाबाईला तो म्हणाला, "पोरी, हिच्या गळपट्टीवर चार जनावरं काढ. बिबळ्या, गरुड, हरिण आणि सिंह. देवाचं काम करताना माणसानं बिबळ्यासारखं धीट व्हावं, गरुडासारखं हलकं व्हावं, हरणासारखं धावावं आणि सिंहासारखं बळ लावावं. चादर खांद्यावर घेतली की ही चौघं पाठीशी उभी राहतात."

बिबळ्या तर डोंगरातून शेळ्या न्यायलाच येई. गरुड खाडीवर घिरट्या घाली, हरिण रानात दिसे. ती तिन्ही रिबकाबाईनं अशी काढली की बघत राहावं. पण सिंह? चिंचखारात सिंह कुणी पाहिलेला? कुणी म्हणे मोठं मांजर, कुणी म्हणे केसाळ कुत्रा. रिबकाबाई वैतागली. "जो पाहिला नाय तो मी काढायची नाय," म्हणाली, आणि चौथी जागा तिनं कोरी ठेवली. आबाजी तीच अर्धीमुर्धी गळपट्टी लावून प्रार्थनेला बसू लागले.

त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य बुडाला की लागे आणि दुसऱ्या सांजेला तीन तारे दिसले की सुटे. पुढं एका शुक्रवारी, सूर्य बुडाला, घाणा थांबला, पोवळ्याच्या डोळ्यांवरची झापडं निघाली, आणि तेवढ्यात किल्ल्याचा हवालदार दारात आला. गलबतांना चोपडायला तेल हवं होतं, रविवारी पहाटेच्या भरतीला आरमार निघणार होतं. बाकी घाण्यांचं तेल त्यानं आधीच उचललं होतं.

"उद्या सांजेला तीन तारे दिसले की घाणा जुंपते," रिबकाबाई म्हणाली. "भरतीच्या आधी तेल तुमच्या धक्क्यावर."

"एका बैलानं? एका रात्रीत? मला खुळा समजलीस का? उद्या सकाळपासून घाणा फिरला पाहिजे. नाहीतर घाणाही जप्त आणि बैलही!"

"शनवारी आम्ही जुंपत नाय."

"तू नको जुंपूस. माझी माणसं जुंपतील."

आबाजी ओट्यावरून म्हणाले, "सरकार, सुट्टी बैलालाबी असते. तशी आज्ञाच हाय आमास्नी." हवालदार हसला आणि निघून गेला. बैल गेला तर घर बुडणार होतं, आणि शनिवार गेला तर पूर्वजांनी लाटांतून वाचवून आणलेलं सारंच बुडणार होतं.

सकाळी हवालदार माणसं घेऊन आला. त्यांनी पोवळ्याला जुंपलं, झापडं बांधली, हाकारलं. पोवळ्या हलला नाही. शेपटी पिरगाळली, हलला नाही. मग पाठीवर आसूड पडले. रक्त आलं, पण त्यानं मान खाली घातली नाही की पाय उचलला नाही. गलबतावरचे दांडगे खलाशी येऊन ढकलू लागले, त्यांचेच पाय मातीत रुतले, असं म्हणतात.

रिबकाबाईला बघवेना. ती धावत गेली आणि बैलाच्या आडवी उभी राहिली. तिच्याच अंगावर दोन आसूड बसले. तेव्हा आबाजी काठी टेकत खाली उतरले. त्यांनी खांद्यावरची सिसित काढली आणि सुनेच्या हातात दिली.

"घाल त्याच्यावर," ते म्हणाले. "आज ह्योच आमच्यापेक्षा नीट प्रार्थनेला उभा हाय."

तिनं चादर पोवळ्याच्या पाठीवर पसरली. गळपट्टीवरची कोरी जागा बरोबर त्याच्या वशिंडावर आली. आसूडवाल्यानं हात उगारला तो वरच राहिला. सूर्य मावळेपर्यंत तो खाली येईना, असं म्हणतात. हवालदारही मग दारातल्या चिंचेखाली जाऊन बसला.

सांज झाली. खाडीवर तीन तारे दिसले. रिबकाबाईनं चादर आणि झापडं काढली आणि पोवळ्याच्या कानात म्हणाली, "आता चल, माझ्या राजा." आणि पोवळ्या निघाला! कुणी हाकारलं नाही, झापडं नाहीत, आणि घाणा असा फिरला की तेलाचे बुधले आणायला माणसं पुरेनात. पहाटेला धक्का तेलानं भरला होता. हवालदारानं पागोटं काढून बैलाच्या पायांपाशी ठेवलं आणि गावात दवंडी पिटवली, की चिंचखारात शनिवारी कुणाचाही बैल जुंपायचा नाही.

तेलाच्या पैशांतून रिबकाबाईनं दुसरा बैल घेतला, पोवळ्याला पुन्हा कधी घाण्याला लावलं नाही. तो म्हातारा होईपर्यंत ओट्यासमोर बसून पेंड खात होता.

वर्षानं हज्जान परत आला. त्यानं गळपट्टी हातात घेतली आणि चौथ्या जनावराकडं बघतच राहिला. आयाळ होती, पंजे होते, आणि पाठीवर चांगलं गरगरीत वशिंड होतं.

"अगं, हा कसला सिंह?"

"बाबा, तुमी सिंह पायलाय?"

"नाही बुवा. ऐकलाय."

"मी पायलाय," रिबकाबाई म्हणाली.

हज्जानानं गळपट्टी डोळ्यांना लावली.

चिंचखारची तेल्यांची घरं आता बहुतेक इस्रायलला गेली. पण तिकडंही त्यांच्या सिसितीवर सिंह असतो तो वशिंडाचाच. पोरं पहिल्यांदा प्राणिसंग्रहालयात गेली की आजीचा पदर ओढून विचारतात, "ह्याचं वशिंड कुठं गेलं?"

आणि गावात? घाणे गेले, बैलही फार उरले नाहीत. शेतकरी, आगरी, कोळी, मुसलमान गाडीवान, सगळे शनिवारला अजून रिबकामायचा वार म्हणतात. परवा एक नवा अधिकारी भर पेरणीत ट्रॅक्टर चिंचेखाली उभा बघून रागावला. ट्रॅक्टरवाला म्हात्रे ओट्यावर चहा पीत होता. तो म्हणाला, "साहेब, आज नाय हालायचा तो. सांजेला तीन तारे दिसले की या."