हनोख मास्तरांची अर्धी प्रार्थना

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. माझ्या सासूबाई सांगायच्या, तेव्हाही ती फार वर्षांपूर्वीचीच होती.

गंगथडीला, म्हणजे गंगा नदीच्या काठाला, आमची सांगवी. तिथं ख्रिस्ताचं मातीचं देऊळ होतं आणि देवळात हनोख मास्तर उपदेश करायचे. आधीचे उपदेशक आभाळातलं बोलायचे आणि खाली माणसं पेंगायची. मास्तरांचं तसं नव्हतं. शनिवारी ते वस्तीत फिरायचे, चुलीपाशी टेकायचे, कुणाचं कुणाशी बोलणं तुटलंय ते बघायचे. रविवारी प्रभूची प्रार्थना सुरू झाली की एका ओळीपाशी थांबायचे. ती ओळ तुम्हाला ठाऊक आहे: आम्ही दुसऱ्याला जशी क्षमा केली, तशी देवा, तू आम्हाला कर. तिथं मास्तर डोळे मिटून गप्प उभे. ज्यांचं भांडण असेल त्यांनी एकमेकांचा हात धरल्याशिवाय पुढचा शब्द नाही.

एकदा दोघी जावा एका कोंबडीवरून अडून बसल्या. ऊन डोक्यावर आलं, पोरं भुकेनं किरकिरायला लागली, तरी बाया जागच्या हलेनात. शेवटी धाकटी उठली ती रडतच. कुणीतरी कुरकुरलं, की मास्तर, देवाला सवड आहे, आम्हाला नाही. मास्तर म्हणाले, "माप तुम्हीच देवाच्या हातात देताय. लहान देऊ नका, एवढंच माझं म्हणणं."

गावात लाजर नावाचा माणूस होता. तेव्हा पूल नव्हता. उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी काहील पाण्यात सोडायची, त्यात माणसं बसवायची आणि पैलतीरी न्यायची, हे लाजरचं काम. हात मोठा सराईत, पण दारूनं वाटोळं केलेलं. एकदा त्यानं पिऊन काहील भलतीकडेच वाहवत नेली. माणसं वाचली, पण पंचांनी त्याचं वल्हं काढून घेतलं.

पुढच्या रविवारी मास्तर त्या ओळीपाशी थांबले. लाजर मान खाली घालून बसलेला. सगळ्यांनी त्याला क्षमा केली, आणि मास्तरांनी स्वतः वल्हं उचलून त्याच्या हातात दिलं. अजून पितोस का रे, हे कुणी विचारलं नाही. क्षमा करून वर असं विचारणं म्हणजे क्षमा न केल्यासारखंच, असं त्या भाबड्या माणसांना वाटलं. मला आजही त्यांचा राग येतो, आणि कीवही येते.

भादव्यात गंगा दुथडी भरली. मास्तरांची एकुलती एक लेक सलोमी पलीकडे मावशीकडे निघाली. लाजर प्यालेला होता. मधोमध काहील कलंडली. लाजर पोहून आला, सलोमी आली नाही. तिची आई मार्था काठावरून हाका मारत राहिली, घसा बसेपर्यंत. लेकरू हाती लागलं नाही, पुरायलासुद्धा नाही.

त्या रविवारी लाजर देवळाच्या दाराशी, चपलांमध्ये येऊन बसला. मास्तर ओळीपाशी आले आणि थांबले. या वेळी हात धरायचा होता तो मास्तरांनी. लोक वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं मास्तर म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही," आणि घरी गेले.

पुढं वर्षभर आमच्या देवळात प्रार्थना अर्धीच झाली. लोकांनी सुचवलं, ओळ गाळून पुढे चला. मास्तर म्हणाले, गाळता येत असती तर तुमच्यासाठी नसती का गाळली? लाजरला गावाबाहेर घालवू, असं म्हणणाऱ्यांनाही त्यांनीच अडवलं. लाजरनं दारू सोडली, वल्हं देवळात आणून ठेवलं, आणि दर रविवारी तिथंच चपलांमध्ये बसायचा. दोघं एकमेकांकडे बघत नसत. मार्थाबाई वर्ष सरायच्या आत गेल्या. झुरून गेल्या बिचाऱ्या, दुसरं काय.

पुन्हा भादवा आला, पुन्हा पूर आला. मास्तर देवळातलं वल्हं घेऊन लाजरच्या दारात गेले आणि म्हणाले, मला मधोमध घेऊन चल. लाजरनं पाय धरले, नको नको म्हणाला. मास्तर काहिलीत जाऊन बसले, तेव्हा तोही बसला. अख्खी सांगवी काठावर जमली. जिथं सलोमी गेली तिथं मास्तरांनी प्रार्थना सुरू केली आणि त्या ओळीपाशी थांबले. असं म्हणतात, तेव्हा गंगासुद्धा थांबली. एवढा पूर, पण पाणी परातीतल्यासारखं निवांत झालं, आणि काठावरच्या प्रत्येकाला ऐकू आलं:

"लाजर, मी तुला क्षमा केली. वल्हं मात्र आता मी धरतो."

मग पाणी हललं. काहील काठाला लागली तेव्हा लाजर मास्तरांच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होता. वल्हं मास्तरांच्या मुठीत घट्ट होतं, आणि मास्तरांचा प्राण वाटेतच कुठंतरी गेलेला होता. मग एवढ्या पुरातून काहील काठाला आणली कुणी? सलोमीनं, असं म्हणतात. मी काही ते खोडून काढणार नाही.

आता पूल झालाय. वल्हं देवळाच्या भिंतीवर आहे. आमच्याकडे पोरांना अजून सांगतात, क्षमा मागेल त्याला द्यावी, वल्हं शुद्धीवर असेल त्याला द्यावं. आणि त्या ओळीपाशी आम्ही अजून थांबतो. नवे पाळकसाहेब आले की त्यांना वाटतं, लोक पुढचं विसरले; ते एकटेच दोन शब्द पुढे जातात आणि ओशाळून मागे येतात. बहुतेक वेळा कुणीतरी उठतं, कुणाचा तरी हात धरतं, मग प्रार्थना पुरी होते. कधी कधी कुणीच उठत नाही. तेव्हा आम्ही ती मास्तरांसारखी तिथंच ठेवून घरी जातो, आणि त्या दिवशी सांगवीत कुणाच्या घशाखाली घास नीट उतरत नाही.