ओल्या झाऊचा देव

पाहुणे आले की आधी टेकाडाकडे बघतात आणि मग सुतारआळीकडे वळतात. टेकाडात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. कच्च्या विटांचं शहर होतं, विटा विरघळल्या, पुन्हा माती झाली. सुतारआळी मात्र नांदती आहे. युफ्रेटिसच्या खालच्या अंगाला इतके सुतार दुसऱ्या कुठल्या गावात मिळायचे नाहीत. दारं म्हणा, पाळणे म्हणा, नावा म्हणा, सांगाल ते इथं होतं. पण इथल्या सुताराच्या मुलीचं लग्न ठरलं, की तिच्या कपड्यांची पेटी परगावाहून येते. ती बहुधा धड नसते. झाकण नीट बसत नाही, एखादा पाय आखूड असतो. पाहुणे हसतात, दिव्याखाली अंधार म्हणतात. त्यांना हसू द्यावं. गोष्ट ऐकली की आपोआप थांबतात.

फार मागे, बाबिलोनच्या राजांचा अंमल होता तेव्हा, या टेकाडाच्या जागी दूर-शम्बी नावाचं शहर होतं, असं सांगतात. शहराचा देव लुगालीद. लोक त्याला कालव्याचा धनी म्हणत. त्या काळी देवळातली मूर्ती ही देवाची खूण नसे, ती देवच असे. त्याला सकाळ-संध्याकाळ जेवण वाढत, कपडे बदलत, उन्हाळ्यात पंखा ढाळत. म्हणून लढाईत शत्रूनं शहर जिंकलं की तो सोन्याआधी देव उचलून नेई. दूर-शम्बीचा देव असाच एका लढाईत गेला होता.

देव नसलेल्या शहरात जगणं किती अवघड, ते आज समजायचं नाही. नवं वर्ष उजाडेना, कारण देवाला मिरवल्याखेरीज वर्ष बदलत नसे. भांडणाचा निवाडा होईना, कारण शपथ घ्यायची कोणासमोर? आणि लग्नं होईनात, कारण लग्नाचा शब्द देवाच्या पायाशी द्यायचा असे. बाबिलोनच्या राजाकडे माणसं गेली. राजानं सांगितलं, देवाची इच्छा होईल तेव्हा देव परत येईल. राजांना असलं बोलायला काय जातं?

त्या शहरात इद्दिया नावाचा सुतार होता. बायको वारलेली, घरात एकुलती एक मुलगी, रिशात. तिचं लग्न लहानपणीच बेलानू नावाच्या होडीवाल्याशी ठरलेलं. मुलगी मोठी झाली, तिच्या वयाच्या परगावच्या मुली लेकुरवाळ्या झाल्या, आणि ही अजून बापाच्या घरी भाकरी थापत होती. तिनं कधी तक्रार केली नाही. बापाला मात्र तिच्याकडे बघवत नसे. उतावळ्या नवऱ्याच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत, इथं उतावळा झाला होता तो सासरा.

शेवटी शहरानं ठरवलं की जुना देव येत नाही तर त्याच्यासाठी नवा देह घडवायचा. थोरला पुजारी एतेलू यानं कौल लावला, कौल मिळाला, आणि काम इद्दियाकडे आलं. देवाचा देह झाऊच्या लाकडाचा करायचा अशी रीत होती. झाऊ नदीकाठी वाढतो आणि त्याला देवांचं हाड म्हणत. बायकांनी कानातली काढून दिली, त्यांचा पातळ पत्रा ठोकून देवाच्या तोंडावर चढवायचा होता. रिशातनंही आपल्या आईची कर्णफुलं दिली.

इद्दियानं काठावरचा सगळ्यात जाड झाऊ पाडला. असलं लाकूड सावलीत ठेवून निदान दोन उन्हाळे वाळू द्यावं लागतं. हे त्याला कोणी शिकवायला नको होतं, पोरसवदा सुतारालाही ते ठाऊक असतं. एतेलूनं घाई केली नव्हती. उलट तो म्हणे असंही म्हणाला होता, की इतकी वर्षं थांबलो, आणखी थोडं थांबू. घाई इद्दियाची होती. आणखी दोन उन्हाळे मुलीला घरात बघायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं वाकस घेऊन ओलं लाकूडच तासायला घेतलं.

देव सुरेख झाला, यात वाद नाही. मग त्याला नदीकाठच्या बागेत नेलं आणि त्याचं तोंड धुण्याचा विधी झाला. पाणी, मध आणि तूप यांनी मूर्तीचं तोंड धुतलं की ती जेवू लागते, ऐकू लागते, ती माणसानं घडवलेली उरत नाही. त्या विधीत शेवटी कारागिराला पुढे बोलावत. सगळं शहर जमलं होतं. एतेलूनं इद्दियाचे हात फडक्यानं बांधले आणि झाऊच्या लाकडी तलवारीनं दोन्ही मनगटांना स्पर्श केला, म्हणजे हात तोडले असं मानायचं. मग इद्दियानं रीतीप्रमाणे मोठ्यानं म्हटलं, "हा मी घडवला नाही. माझ्या हातांनी याला शिवलेलं नाही. कारागिरांच्या देवानं हा घडवला." रिशात पहिल्या रांगेत उभी होती. बापाचा तिला इतका अभिमान वाटला की ती रडली.

आठवड्याभरात लग्नांची रीघ लागली. रिशात आणि बेलानू यांनीही देवाच्या पायाशी शब्द दिला, आणि ती वेशीजवळच्या नवऱ्याच्या घरी गेली. इद्दिया त्या दिवसाइतका सुखी आयुष्यात कधी नव्हता, आणि पुढेही व्हायचा नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात तो देवळाचं दार दुरुस्त करायला गेला, तेव्हा त्याला देवाच्या मानेमागे एक रेघ दिसली. केसाएवढी बारीक. पुजाऱ्यांना ती दिसली असती तरी कळली नसती. इद्दियाला कळली. लाकूड वाळायला लागलं होतं आणि आता आतून ओढ घेत होतं. अजून वेळ होता. आत पाचर बसवून, राळ भरून, पितळी पट्टी मारली असती तर मूर्ती शंभर वर्षं टिकली असती. पण ते करायचं म्हणजे तोंड उघडायला हवं होतं. आतलं लाकूड कसं आहे ते याला कसं ठाऊक, असा प्रश्न आला असता, आणि त्याला उत्तर एकच होतं.

इद्दिया घरी येऊन विचार करत बसला. मी घडवला म्हणावं, तर तो देव नाही, लाकूड आहे. आणि लाकडासमोर दिलेला शब्द म्हणजे शब्द नव्हे. शहरातली सगळी लग्नं मोडीत निघतील, रिशातचंही. तोवर तिला दिवस गेले होते. तिच्या पोटातल्या लेकराला लोक काय म्हणतील? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तो गप्प राहिला. रोज देवळात जाई, हात जोडी आणि मानेमागे नजर टाकून परत येई. लोक म्हणत, इद्दिया फार भाविक झाला.

उन्हाळा चढला आणि पूर्वेच्या डोंगरांकडून एलामचं सैन्य आलं. दूर-शम्बीची तटबंदी भक्कम होती. कोठारं भरलेली होती, कालव्याचं पाणी तटाखालून आत येत होतं. नेट धरला असता तर शहर पाऊसकाळापर्यंत टिकलं असतं, आणि पाऊसकाळात त्या चिखलात कोणाचंच सैन्य उभं राहत नाही. हे शहराला माहीत होतं आणि एलामींनाही. पण वेढ्यानं माणसांची मनं खचतात. त्यांना धीर यावा म्हणून एतेलूनं देवाला वेशीवरच्या बुरुजावर आणून बसवायचं ठरवलं, सगळ्यांना दिसेल असं.

इद्दिया धावत त्याच्याकडे गेला. उन्हात नेऊ नका, सावली करा, वरून ओलं कापड घाला, असं कायकाय बोलला. का, ते सांगेना. एतेलू माणूस वाईट नव्हता, पण त्याला वेढ्याची काळजी होती. त्यानं सांगितलं की धन्याला ऊन लागत नाही, तो स्वतः शहराला सावली देतो. तरी त्यानं इद्दियाच्या समाधानासाठी एक छत्री धरायला लावली. गरम वाऱ्यानं ती पहिल्याच दुपारी उडून गेली.

चार-सहा दिवस लोकांना खरंच धीर आला. बेलानू तटावर होता, रिशात पोट सावरत त्याला जेवण घेऊन जाई आणि बुरुजाखाली उभी राहून देवाला हात जोडी. मग एका दुपारी, सगळं शहर बघत असताना, देवाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला. आवाज तटाबाहेरही ऐकू गेला म्हणतात. सोन्याचा पत्रा फाटून दोन्हीकडे लोंबू लागला आणि मधे काळी फट दिसली.

माणसांनी हातातली हत्यारं खाली ठेवली. देव आपण होऊन शत्रूकडे चालला, त्यानं तोंड फाडून तसं सांगितलं, एवढंच ज्याच्या त्याच्या तोंडी. शत्रूनं उचलून नेलेल्या देवाची वाट बघायची, पण देव आपल्या मर्जीनं निघाला की त्याच्या माणसांनी मागे जायचं, असा त्यांचा धर्म होता. काही जण वेशीचा अडसर काढायला गेले, आणि बेलानू त्यांच्यातच होता.

तेव्हा इद्दिया बुरुजाच्या पायरीवर चढला. एवढ्या महिन्यांचं दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. तो ओरडून म्हणाला, "देव कुठं जात नाही. तो मी घडवलाय, या हातांनी. लाकूड ओलं होतं. मला घाई होती. ओलं लाकूड उन्हात तडकतं, दुसरं काही झालेलं नाही. अडसर काढू नका."

लोक थांबले. असं सांगतात की त्या क्षणी शहर वाचण्याची संधी आली होती. कोणीतरी एकानं विश्वास ठेवायला हवा होता. सगळ्यांनी रिशातकडे पाहिलं, कारण बापाला मुलीइतकं कोण ओळखणार?

रिशात पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपला बाप सगळ्यांना वाचवायला खोटं बोलतोय, आणि त्या पापानं देवाचा शाप ओढवून घेतोय, असंच तिला वाटलं. तिनं हळूच त्याचा हात धरला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही नाही घडवलात. हात बांधले होते तुमचे. मी समोर उभी होते, मी ऐकलंय."

अडसर निघाला.

एलामींनी फार कत्तल केली नाही, त्यांना गरजच पडली नाही. फुटका देव त्यांनी गाड्यावर चढवला आणि शहर त्याच्यामागे आपण होऊन चालू लागलं. म्हातारे आणि आजारी त्यांनी बाजूला काढले, कारण डोंगरांपर्यंत ते पोचले नसते. कारागीर मात्र त्यांना वय न बघता हवे होते. दुभाष्या एकेकाला त्याचा धंदा विचारत होता. इद्दियाची पाळी आली. रिशात पुढच्याच रांगेत होती, मान वळवून त्याच्याकडे बघत होती. सुतार, एवढा एक शब्द त्यानं उच्चारला असता तर मुलीच्या मागोमाग चालत गेला असता, नातवंडाचं तोंड बघितलं असतं. पण आपल्याला कोणी खरं मानत नाही हे त्याच्या डोक्यात इतकं पेटलं होतं, की त्यानं गाड्याकडे बोट दाखवून म्हटलं, तो देव मी घडवला. दुभाष्या हसला. इद्दियाला शाप लागू नये म्हणून आसपासच्यांनी दुभाष्याला सांगितलं की म्हाताऱ्याला वेड लागलंय. दुभाष्यानं त्याला बाजूला ढकललं. गाडा पुढे गेल्यावर इद्दियाला आपली चूक उमगली. तो सुतार, सुतार असं ओरडत मागे धावला. भाल्याच्या दांड्यानं मारून त्याला परत पाठवलं.

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला म्हणे. ज्यानं मरायला हवं तो मरत नाही, हे सगळीकडे सारखंच आहे. ओसाड शहरात पुढे दुसरीकडची माणसं येऊन राहिली. त्यांना दारं हवी होती, नावा हव्या होत्या. इद्दियानं त्यांना सुतारकाम शिकवलं, आणि शिकवताना एकच अट घातली. मुलीच्या लग्नासाठी स्वतःच्या हातानं काही घडवायचं नाही. असं का, ते त्यांनी विचारलं, त्यानं सांगितलं. बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं. खरं मानलं की नाही कोण जाणे, त्यांनी ना तो देव पाहिला होता ना रिशात. पूर्वेकडून कधी कोणी परत आलं नाही.

आजही इथल्या सुताराची मुलगी सासरी निघते, तेव्हा परगावची ती वाकडी पेटी उंबऱ्याशी ठेवतात आणि बाप सगळ्यांसमोर म्हणतो, "पोरी, लाकूड ओलं होतं." त्यावर मुलीनं म्हणायचं असतं, "ऐकलं बाबा, खरं आहे." काही मुलींना हसू येतं, काही रडतात. ते म्हणून झालं की पेटी उचलतात आणि मुलगी जाते.