धुरपामायचा बिंडा

फार फार वर्षांमागं, नदीला पूल नव्हता तेव्हा, आंबेवाकच्या घाटावर धुरपामाय होडी चालवायची आणि पोरांना पोहायला शिकवायची. असं म्हणतात, तिच्या हाताखाली दगडसुद्धा तरायचा.

गावाची तेव्हा एक खोड होती. बारशाला पळसाच्या पानांचा द्रोण पाण्यात सोडायचे. तरला तर पोर माशाचं, बुडाला तर दगडाचं. माशाच्या पोरांचं कौतुकच कौतुक, आणि दगडाच्या पोरांना पाण्यात पाऊल टाकू द्यायचे नाहीत.

चिमाच्या येसूचा द्रोण बुडाला. तेव्हापासून पोरगी घाटाकडं वळली की चिमा तिला ओढत घरी आणायची. शेवटी धुरपामायच म्हणाली, "चिमे, द्रोण बुडाला, पोर नाही. दे माझ्याकडं."

"आणि काही झालं म्हंजे?"

"तू होडीत बसून बघ. रडू आलं तर रड, पण तिला हाका मारू नकोस."

पांगऱ्याचं लाकूड हलकं, बुडत नाही. त्याचा जाड ठोकळा, म्हणजे बिंडा, मायनं येसूच्या पाठीला बांधला. येसूच्या नाकातोंडात पाणी जायचं. माशाची पोरं उथळात बसून हसायची, "बुडाली बघा धोंडी!"

"हसू दे त्यांना," माय म्हणायची. "काल चार हात मारलेस, आज सात."

आणि रोज कोयत्यानं बिंड्याची एक ढलपी काढून काठावर टाकायची.

एके दिवशी वरच्या अंगाला पाऊस झाला आणि इथं एकदम पाणी चढलं. होडीचा दोर तुटला, आत एकटी चिमा! माशाची पोरं जागच्या जागी थिजली. आपण मासेच म्हणून ती खोल पाण्यात कधी शिकलीच नव्हती. माय धावत येईतो येसूनं मात्र उडी घेतली. असं म्हणतात, तुटका दोर दातांत धरून तिनं उलट्या धारेनं होडी ओढून आणली.

चिमा तिला कवटाळून ओरडली, "अगं, बिंडा कुठाय तुझा?"

येसूनं पाठ चाचपली. नुसती दोरी!

धुरपामाय खदाखदा हसली. "आठ दिवस झाले, दोरीच बांधतीय मी."

त्या ढलप्यांना म्हणे पालवी फुटली. काठावरचे लालभडक पांगारे त्यांचेच. आंबेवाकला आजही बारशाला द्रोण सोडतात, पण सोडला की सगळी नदीकडं पाठ करतात. तरला का बुडाला, कुणी बघतच नाही. आणि पोर पोहायला लागलं की त्याच्या बिंड्याची रोजची ढलपी आईनंच काढायची. रडू आलं तरी तिनंच.