चाकांवरचं ऑफिस

प्लॉट विकण्यात रणधीरशेठचा हात धरणारा कोणी नव्हता. दर रविवारी ते बस भरून गिऱ्हाइकं उजाड माळावर आणत, आमरस-पुरी खाऊ घालत आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवत सांगत, "इथे शाळा, तिथे मॉल, पलीकडे विमानतळ."

उद्धवराव खटावकरांनी आमरसाच्या तिसऱ्या वाटीलाच ग्रॅच्युइटीचा चेक बाहेर काढला. त्यांच्या पत्नी निर्मलाताई मात्र मघापासून शेठच्या साइट ऑफिसभोवती फिरत होत्या.

"ताई, व्यवहारातलं पुरुषांना बघू द्या," शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दोन वर्षांत इथे शहर उभं राहतंय. मी स्वतः इथून हलणार नाही."

"मग ऑफिसला चाकं कशाला लावलीत?" ताईंनी शांतपणे विचारलं. "हवासुद्धा टम्म भरलेली आहे. ती काढा, इथे विटांचं ऑफिस बांधा. त्या दिवशी चेक घेऊन मीच येईन."

अख्ख्या बसने वाकून चाकं पाहिली. उद्धवरावांनी चेक खिशात घातला आणि चौथी वाटी मागितली.

पुढच्या रविवारी ऑफिस दुसऱ्याच माळावर उभं होतं. फक्त चाकं दिसू नयेत म्हणून त्याला खालून फुलाफुलांची झालर लावली होती.