गप्प झालेली नदी आणि साळूबाईचं मत

मघाशी टीव्हीवर बघून विचारत होतास ना रे मिहीर, की दिल्लीतली ही मोठी माणसं एवढी का भांडतात? ऐक मग. आधी पाय पांघरुणात घे. जुई, तू पण सरक इकडं.

एकदा काय झालं, एका राजाच्या जिभेला एका साधूचा वर मिळाला. तो बोलेल ते व्हायचं. पाऊस म्हटलं की पाऊस, आंबा म्हटलं की भर थंडीत आंबा. लोक खूश. कुणाला विचारायला नको, थांबायला नको!

मग एका दुपारी राजा जेवून आडवा झाला. महालाखालून नदी वाहायची, खळखळ खळखळ. याचा काही डोळा लागेना. वैतागून म्हणाला, "गप्प बस गं बाई एकदाची!" झालं! नदी गप्प बसली. नुसती गप्प नाही बरं का, आटलीच.

विहिरी खोल गेल्या, गुरं हंबरायला लागली. पण त्याहून वाईट काय झालं सांगू? राज्यात कुणाला धड झोपच येईना. जन्मापासून त्या खळखळीवर निजलेली माणसं ती. तान्ही पोरं किरकिर करायची, राजासुद्धा नुसता कूस बदलत पडायचा. माझ्या माहेरी अशीच नदी होती गं जुई, अगदी मागच्या दाराशी. अजून अंथरुणाला पाठ टेकली की कान तिकडंच जातात. तुमच्या या पंख्याची घरघर मेली काय कामाची! असो.

राजा म्हणाला, "नदी, परत ये." नाही आली. मग त्यानं वर देणाऱ्या साधूला शोधलं. त्यातच वर्षं गेली. साधू म्हणाला, "एका तोंडानं घालवलेली नदी एका तोंडानं परत यायची नाही. सगळ्यांच्या तोंडून बोल यायला हवा."

आता अख्खं राज्य महालात कसं मावणार? मग ठरलं, गावागावानं आपलं एक माणूस निवडायचं. ते बोललं की गाव बोललं.

अशी सभा भरली, आणि काय तो कल्ला! जो तो एकदम बोलायला लागला. म्हणून उंच आसनावर साळूबाईला बसवली. म्हातारी मोठी खमकी. बोलणाऱ्याला बोलू द्यायचं आणि मध्ये तोंड घालणाऱ्याला खाली बसवायचं, हे तिचं काम. पण तिनं स्वतः बाजू घ्यायची नाही, मतही द्यायचं नाही. दोन्हीकडची डोकी सारखी झाली, तरच.

आणि गोम तिथंच होती. नदी आटल्यावर लोकांनी कोरड्या पात्रात कलिंगडं लावली होती, घरं बांधली होती. साळूबाईचंही घर पात्रातच होतं. तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं, आणि आता तो नव्हता. रोज सकाळी ती त्या घराचा उंबरठा सारवायची.

सभेचा नियम असा, की कुठलीही गोष्ट तीनदा पुढं यायला हवी. पहिल्यांदा नुसतं वाचून दाखवलं, "नदी परत यावी."

दुसऱ्यांदा शब्दन् शब्द उलगडून बघितला. तेव्हा पात्रातल्या वस्तीचा रखमाजी उठला. "यावी म्हणता, पण कशी यावी? एकदम आली तर आमची पोरं वाहून जातील की!" राजाला सुचलं असतं का हे? तो एका दमात बोलून मोकळा झाला असता. मग त्यात घातलं, की नदीनं हळूहळू यावं आणि त्याआधी पात्रातल्या लोकांना काठावर जागा मिळावी. त्यावरही भांडणं झाली. एक जण तर रागारागानं उठून बाहेर गेला, आणि भूक लागल्यावर परत आला. हसू नकोस, खरंच!

तिसऱ्यांदा मत. साळूबाईनं विचारलं, "हवं म्हणणारे?" डोंगराकडच्या कोरड्या पडलेल्या गावांचे लोक "होय!" असे ओरडले की छप्पर हललं. "नको म्हणणारे?" पात्रातले बिचारे जरा हळूच "नाही" म्हणाले. डोंगराकडचे नाचायलाच लागले. तशी साळूबाई कडाडली, "खाली बसा! कुणाचा घसा मोठा ते नाही बघायचं इथं. एकेक बाजू उभी राहा, डोकी मोजू."

मोजली. अगदी सारखी!

सगळे साळूबाईकडं बघायला लागले. रखमाजी म्हणाला, "साळूआक्का, तुमचंही घर जाईल."

"ठाऊक आहे रे मला," ती म्हणाली. डोळे भरून आले तिचे. बाहेर कुणाचं तरी तान्हं रडत होतं, केव्हापासून रडत होतं. समोर बसलेल्या सगळ्यांचे डोळे खोल गेलेले. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"माझं मत, होय."

मग सभेचं ते मागणं वडीलधाऱ्यांच्या दुसऱ्या सभेत गेलं. त्यांनीही उलटंसुलटं करून बघितलं आणि बरं म्हणाले. मग गेलं राजाकडं. पटलं नाही तर राजाला ते एकदा परत पाठवता यायचं, पण सभेनं पुन्हा तेच धाडलं की होकाराची मान डोलवावीच लागायची. यानं कशाला परत पाठवावं? त्यानं ते मोठ्यांदा वाचलं, आणि लांब डोंगरात पाणी हललं.

आधी पात्रातली माणसं काठावर आली, मग हळूहळू नदी आली. साळूबाईच्या उंबरठ्यावरून पाणी आत गेलं तेव्हा ती काठावर बसून पोटभर रडली. रखमाजीनं तिच्यापुढं भाकरी ठेवली आणि तोही तिथंच बसून राहिला. आणि मग तिच्या त्या घरातूनच आवाज यायला लागला, खळखळ खळखळ. तो ऐकता ऐकता साळूबाई तिथंच गवतावर आडवी झाली आणि पोरीसारखी गाढ झोपली.

मग ते तान्हं झोपलं. राजाही झोपला. पुढं तो कधी एकटा काही बोलून बसला नाही, आधी सभेला विचारायचा. भांडणं व्हायची, पण सगळी सुखानं राहिली.

घराचं काय झालं म्हणतेस? घर गेलं गं बाळा. ते काही परत आलं नाही.

मिटा आता डोळे. तो पंखा जरा बंद करते, आणि मी म्हणते हळूहळू, खळखळ, खळखळ. निजा.