वाचणारीचं ताट

टेकडीवर मठ असलेल्या एका गावात एक भाविक विधवा राहत होती. घरात दोन मुलगे आणि थोरल्याची गरोदर बायको, रेजिना.

एकदा सणाच्या दिवशी बाई मठात गेली. सगळे मठवासी निमूट जेवत होते आणि एक जण उभा राहून बायबल वाचत होता. बाईला आपलं घर आठवलं. बोंबलाच्या एका तुकड्यावरून तिथे रोज कलकलाट!

उपवासकाळ लागला तसा तिनं हुकूम सोडला, "आजपासून जेवताना कुणी बोलायचं नाही. रेजिना वाचेल."

"आणि मीठ कमी पडलं तर?" धाकट्यानं विचारलं.

"तर गप गिळायचं!"

घर खरंच शांत झालं. शेजारणी म्हणू लागल्या, "मावशी, तुमचं घर म्हणजे मठच हो!" बाई फुलून गेली.

पूर्वी थोरला पुन्हा पुन्हा भात घेऊ लागला की धाकटा ओरडायचा, "अरे, वहिनीला ठेव!" आता ओरडायची सोय नव्हती. तांदूळ सासूच मापून काढून द्यायची, तेही उपवासकाळ म्हणून हात आखडून. वाचन संपवून रेजिना जेवायला बसायची, तेव्हा पातेल्यात खरवड उरलेली असायची.

एका दुपारी ती वाचता वाचता थांबली. "आई, भात थोडा..."

सासूनं ओठांवर बोट ठेवलं. रेजिनानं पान उलटलं.

पुढच्याच आठवड्यात ती वाचताना कोसळली. मूल पोटातच गेलं.

सांत्वनाला मठाधिपती आले. बाई रडत म्हणाली, "फादर, आम्ही तुमचाच नियम पाळत होतो. मग देवानं असं का केलं?"

"वाचणारीचं ताट आधी कोण वाढून ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

"ताट? वाचून झालं की ती आपलं आपण घ्यायची," बाई म्हणाली.

"आमच्याकडे वाचणाऱ्याच्या पोटात आधी चार घास जातात, मग हातात पुस्तक येतं. आणि शेजारी जेवायला बसलेल्याला काय हवं ते त्यानं मागण्याआधी आपण बघायचं, म्हणून तर आमचं बोलण्यावाचून भागतं. तेवढं नसेल तर गप्प गुरंही जेवतात, बाई."

बाईनं नियम मोडून टाकला. आता ती रेजिनाचं ताट सगळ्यांच्या आधी वाढते, भातावर तूप सोडते. म्हणते, "घे गं बाळा. बोल ना काहीतरी."

रेजिना जेवते. बोलत नाही.

तात्पर्य एवढंच: घरात मठाचा नियम आणायचा असेल, तर सगळ्यात शेवटी जेवणाऱ्याचं ताट आधी बघावं.